गाभाऱ्यातला काळोख आणि संगणकाचा सूर्य

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात घराबाहेर पडण्याची सोय नसते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाला सावरगाव उभे राहते, आणि मनाईहुकूम असो वा नसो, गोटमार व्हायची ती होतेच. ज्याचा चरितार्थ कायद्याच्या कलमांवर चालतो त्याने त्या दिवशी दार लावून घरी बसावे, हे उत्तम. गेल्या पोळ्यास मी असाच ओसरीवर बसलो असता, पुण्याहून सणाला आलेल्या माझ्या भाच्याने आपला संगणक माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "मामाजी, हे देऊळ ओळखता का?"

ओळखले. सौंसरच्या रस्त्यावरचे आमचे मारुतीचे देऊळ. पूर्वेकडे तोंड, पुढे चार खांबांची ओसरी, मान लववल्याशिवाय आत जाऊ न देणारा दरवाजा, आणि पिढ्यान्‌पिढ्या चढलेल्या शेंदराने मूळचा आकार हरवून बसलेली मूर्ती. पडद्यावर ते सारे होते. बाजूचा पिंपळही होता. कळ दाबली की आपण चालू लागतो, पायऱ्या चढतो, गाभाऱ्यात शिरतो. "तुम्हाला साक्षी तपासायची सवय आहे," तो म्हणाला, "तर ही साक्ष खरी की खोटी ते सांगा."

या पानांवर एखाद्या नाटकाचे किंवा कथासंग्रहाचे परीक्षण यावे, अशी वाचकांची अपेक्षा असते. संगणकावरच्या खेळातील उजेडाचे परीक्षण हा विषय देवळाशी बांधलेल्या आपल्या वाचकवर्गास परका वाटण्याचा संभव आहे. तथापि थोडे थांबून पाहिल्यास, गाभाऱ्यात उजेड किती असावा, कोठून यावा आणि कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न संगणकाच्या जन्माआधीपासून आपलाच आहे, हे ध्यानी येईल.

माझा भाचा खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत प्रकाशयोजना करतो. भिंती, खांब, झाडे, माणसे दुसऱ्यांनी घडवायची. याने त्यांच्यावर उजेड पाडायचा. हे देऊळ मात्र त्याचे स्वतःचे काम होते, अधिक चांगली नोकरी मिळावी म्हणून दाखवावयाचा नमुना. ज्या अवजाराने त्याने ते केले त्याचे नाव अनरियल इंजिन. अमेरिकेतील एपिक गेम्स या कंपनीने २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याची पाचवी आवृत्ती सर्वांस खुली केली आणि तिच्यात ल्युमेन नावाची प्रकाशाची नवी यंत्रणा आली. तिचे महत्त्व समजण्यासाठी आधीची रीत ठाऊक असली पाहिजे.

आधीच्या रीतीस या धंद्यातील मंडळी 'बेक करणे' म्हणतात, आणि पावाच्या भट्टीशी तिचे साम्य खरेच आहे. दिवे कोठे आहेत ते ठरवायचे, मग संगणकाला तासन्‌तास गणित करू द्यायचे, आणि प्रत्येक भिंतीवर किती उजेड व किती सावली पडेल त्याचे चित्र तयार करून ते भिंतीला कायमचे चिकटवायचे. १९९६ साली आलेल्या क्वेक या खेळात हीच रीत होती व तिने तो काळ गाजवला. भाजलेला उजेड सुंदर दिसे. पण तो भाजलेला. समई उचलून दुसऱ्या कोनाड्यात ठेवली तरी भिंतीवरचा उजेड जुन्या कोनाड्यापाशीच राहणार. ल्युमेन हे गणित त्याच क्षणी, चालता चालता करते. समई हलली की भिंत उजळते, दार लोटले की गाभारा काळवंडतो.

हे गणित कशाचे, ते वकिलाच्या भाषेत सांगतो. १९८६ साली जेम्स काजिया या शास्त्रज्ञाने एका समीकरणात ते मांडले. कोणत्याही जागेवरून आपल्या डोळ्यांकडे येणारा उजेड म्हणजे ती जागा स्वतः जो देते तो, अधिक इतर सर्व जागांकडून तिच्यावर येऊन परतलेला. पण त्या इतर जागांचा उजेडही पुन्हा इतरांकडूनच आलेला! आमच्या न्यायालयांत १८७२ चा पुरावा कायदा गेला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तरी तोंडी पुरावा प्रत्यक्ष पाहिलेल्याचा वा ऐकलेल्याचाच हवा, ऐकीव नको, हे तत्त्व कायम राहिले. उजेडाच्या दरबारात मात्र ऐकीव पुरावाच बहुमोल. गाभाऱ्यात सूर्याचा प्रत्यक्ष किरण वर्षातून क्वचितच पोचतो. तेथे जे दिसते ते अंगणाने ओसरीला सांगितलेले, ओसरीने उंबऱ्याला सांगितलेले आणि उंबऱ्याने मूर्तीच्या कानात पुटपुटलेले असते. प्रत्येक सांगणारा त्यात आपला रंग मिसळतो. १९८४ साली अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात रंगीत भिंतींच्या एका साध्या पेटीचे चित्र संगणकाने काढले. तांबड्या भिंतीची लाली शेजारच्या पांढऱ्या पृष्ठावर उतरलेली त्यात दिसली आणि जाणकारांना ती मोठी मजल वाटली. शेंदराची लाली गाभाऱ्याच्या चुन्यावर कशी उतरते हे आमच्या पुजाऱ्यांना ठाऊकच होते. गणित मात्र त्यांनी मांडले नव्हते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. भाच्याने प्रथम भिंती नुसत्या कागदासारख्या, जाडीविना उभ्या केल्या होत्या. पडद्यावर त्या दगडी दिसत, पण कोपऱ्यांतून उजेड झिरपे. ल्युमेन वेगासाठी खऱ्या आकृतीऐवजी तिची ढोबळ प्रतिकृती तपासते, म्हणून भिंत १० सेंटिमीटरपेक्षा पातळ नसावी अशी निर्मात्यांचीच सूचना आहे. त्याने भिंती खऱ्या देवळाइतक्या, दोन हात जाड केल्या, आणि गळती थांबली. मला यात गंमत वाटली. गवंड्याने दिलेली जाडी मुलाच्या लेखी निव्वळ दिखाऊ तपशील होता. यंत्राने त्याला ती आत काळोख धरून ठेवण्यासाठी लागते, असे शिकवले.

दुसरी बाब समईची. तिच्यात पाच वाती तेवत होत्या, ज्योती हलत होत्या. मी म्हटले, "हिचा उजेड छान पडला आहे." तो हसला आणि म्हणाला, "मामाजी, तो उजेड हिचा नाही." ज्योतीएवढी चिमुकली, तेजस्वी वस्तू ल्युमेनच्या गणितास पेलत नाही, भिंतीवर वळवळणारे ठिपके उठतात. म्हणून प्रकाशयोजनाकार ज्योत केवळ दिसण्यापुरती ठेवतो आणि तिच्याजवळ एक अदृश्य दिवा टांगतो. खरा उजेड त्याचा. शिकवून आणलेला साक्षीदार आणि त्यामागे खांबाआड उभा असलेला शिकवणारा, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की मला राग यायला हवा होता. पण आला नाही. कारण रंगभूमीवर हेच चालते. १९५९ साली कलकत्त्यास उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरताना तापस सेन यांनी निव्वळ प्रकाशाने दाखवले. थेंबभर पाणी नव्हते. आमच्या छिंदवाडा भागात खाणीच खाणी असल्यामुळे त्या प्रसंगाचे वर्णन मला नेहमी अंगावर येते. खोट्याने खरे दाखवणे ही कलेला दिलेली मुभा आहे. माझ्या वृद्ध मातोश्रींनी मात्र चष्मा पुसून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "यात तेल कोण घालते रे?" भाच्यापाशी उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नव्हते.

खरी हरकत मला घ्यावी लागली ती तिसऱ्या बाबीस. भर दुपारी अंगणात उन्हाचे माप सुमारे १ लाख लक्स. ज्योतीपासून हातभर सोडून मीटरभर दूर ते अवघे १ लक्स. म्हणजे अंगणातून गाभाऱ्यात जाणारा माणूस लाखातून एकात जातो. उजेड सुमारे १७ वेळा निम्मा निम्मा होत उतरतो. म्हणूनच उन्हातून आत गेल्यावर काही दिसत नाही. डोळा निवायला वेळ लागतो. पहिली पाच-दहा मिनिटे थोडेसे उघडते, आणि पुरता निवळायला अर्धा तासही लागतो. प्रथम ज्योत दिसते, मग पितळेची कड, मग शेंदराचा गोळा, आणि शेवटी, थांबलो तर, डोळे. या थांबण्यास आपण दर्शन म्हणत आलो. अनरियलमध्ये मात्र एक स्वयंचलित सोय आहे. अंधाऱ्या जागी गेल्याबरोबर ती पडदा आपोआप उजळ करते, जणू काही सेकंदांत डोळा सरावला. भाच्याच्या देवळात मी उंबरा ओलांडला आणि मारुतिराया एकदम, नखशिखांत, वाट पाहायला न लावता समोर उभे! जाड भिंती फुकट गेल्या. कमी उंचीचा दरवाजा फुकट गेला.

मी हे बोललो तेव्हा त्याने जे उत्तर दिले ते वाचकांपुढे ठेवणे न्यायाचे होईल. तो म्हणाला, "देवळात माणूस श्रद्धेने थांबतो. खेळणारा थांबत नाही. त्याला वाटते पडदा बिघडला. शिवाय निम्मे लोक हे मोबाइलवर, खिडकीपाशी, उन्हात बघणार. काळा पडदा म्हणजे अंधार नव्हे मामाजी, काळा पडदा म्हणजे स्वतःचेच तोंड दिसणे." त्याच्या वरिष्ठांनीही नमुना पाहून एवढेच सांगितले होते की उजेड वाढवा. नोकरी त्याची, उपदेश माझा. शेवटचे वाक्य तर मला निरुत्तर करून गेले, कारण ते अगदी खरे आहे.

तरीही माझा आक्षेप मी मागे घेत नाही, आणि त्याच्या पुष्टीसाठी एका प्रसिद्ध खेळाचे उदाहरण देतो. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० साली 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. तोही अनरियलवरच, त्याच्या चौथ्या आवृत्तीवर, म्हणजे ल्युमेनच्या आधी घडवलेला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघालेली राजी नावाची मुलगी, तिला बळ देणारी दुर्गा, कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. आपल्या पुराणांवर उभे राहिलेले आणि पुण्यात घडलेले काम जगाच्या बाजारात इतक्या सन्मानाने गेले, हे अभिमानास्पद आहे, यात शंका नाही.

राजीत कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नाही. तो निर्मात्यांनी ठरवलेल्या ठिकाणाहून, बहुधा दुरून आणि उंचावरून, पाहतो. प्रकाशयोजनाकारास याचा मोठा लाभ. बघणारा कोठे उभा राहणार ते त्यास आधी ठाऊक असते, जसे देवळाच्या स्थपतीस असे. राजस्थानी वळणाच्या कमानी, जाळ्या, सज्जे, त्यांच्यावर पडलेला उजेड डोळ्यांचे पारणे फेडतो. परंतु दुरून व उंचावरून पाहणे ही किल्ल्याची दृष्टी आहे, गाभाऱ्याची नव्हे. राजीतील देवालये मला देवालयांपेक्षा राजवाड्यांच्या जवळची वाटली. त्यांत आवार आहे, वैभव आहे. मान लववून शिरावे आणि काही दिसू नये, असा कोपरा माझ्या मनात राहिला नाही. भित्तिचित्रांतून देवकथा सांगण्याची कल्पना मात्र उत्तम, आणि तिथे दृष्टी जवळ येते हे विशेष.

कथेचे दुवे राजीत छायाबाहुल्यांच्या शैलीने जोडले आहेत. येथे कोकणच्या वाचकांना कुडाळजवळचे पिंगुळी आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जिवंत ठेवल्या. त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चामड्याची बाहुली आणि दिवा यांच्यामध्ये हवा असते. वारा आला की ज्योत थरथरते, आणि रावण आपल्या जागी उभा असूनही त्याची सावली हलते. राजीतील बाहुल्यांची चित्रे देखणी आहेत. मला उणीव भासली ती मागच्या ज्योतीच्या श्वासाची. उजेड हलवणे आजच्या अवजारांना मुळीच कठीण नाही. कठीण आहे ते, कोणता उजेड हलावा आणि कोणता स्थिर असावा हे ठरवणे.

हातातला उजेड कसा चालवावा याचे शिक्षण आपल्याकडे पुजाऱ्याला परंपरेने मिळते. आरती पायांपासून सुरू होते आणि वर मुखाकडे जाते. निरांजन जेथे थांबते तेवढाच देव त्या क्षणी दिसतो. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या देवळात तर हे काम सूर्याकडे सोपवले आहे. मूर्ती पश्चिमाभिमुख, परंपरेने सांगतात त्याप्रमाणे ३१ जानेवारीस आणि ९ नोव्हेंबरला मावळतीचे किरण देवीच्या चरणांवर येतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. क्रम आरतीचाच. मी कुतूहलाने पंचांग काढून पाहिले. १० नोव्हेंबर हा २१ डिसेंबरच्या बरोबर ४१ दिवस आधी आणि ३१ जानेवारी बरोबर ४१ दिवस नंतर. म्हणजे दक्षिणायनाच्या टोकाच्या अलीकडे व पलीकडे सूर्य एकाच जागी, पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेस, मावळतो आणि गाभाऱ्यापर्यंतची वाट दोनदा उघडते. दगडात केलेली ही प्रकाशयोजना वर्षभराच्या काळोखावर उभी आहे. रोज किरण आत आला असता तर किरणोत्सव झालाच नसता. वाटेत नवी बांधकामे उभी राहून किरण अडू लागले, ही तक्रार आता तेथे जुनी झाली आहे.

भाच्याच्या अवजारात सूर्याची अशी जागा काढण्याची सोय आहे, हे ऐकून मी थक्क झालो. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ भरा. सूर्य त्या ठिकाणी जाऊन उभा राहतो. आम्ही पांढुर्ण्याचे २१.६ आणि ७८.५ अंश घातले. मग मी म्हटले, "चैत्री पौर्णिमेचा सूर्योदय घाल." हनुमानजन्माच्या वेळी किरण उंबऱ्याच्या आत किती येतो, हे मला पाहायचे होते. यंत्राला तिथी कळत नाही! इंग्रजी तारीख द्यावी लागते, आणि ती दर वर्षी निराळी. २०२४ साली चैत्री पौर्णिमा २३ एप्रिलला होती, २०२५ साली १२ एप्रिलला, २०२६ साली २ एप्रिलला. या तीन वर्षांत उगवतीची जागा सुमारे ८ अंशांनी सरकते. कोल्हापूरचा उत्सव सूर्याच्या तारखेला बांधला आहे, आमचा चंद्राच्या तिथीला. म्हणून आमच्या मारुतीला जन्माच्या दिवशी दर वर्षी निराळा उजेड. हे मला पन्नाशी जवळ येईपर्यंत कळले नव्हते, आणि कळले ते खेळ करणाऱ्या यंत्राकडून.

सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र अनेक वाचकांच्या घरी कॅलेंडरच्या रूपाने राहून गेले असेल. लोक ते चुकून रविवर्म्याचे म्हणतात. १९४५-४६ च्या सुमाराचे हे चित्र, मूळ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चित्रासाठी त्यांची कन्याच उभी राहिली होती. तिच्या हाताच्या आडोशामागे ज्योत आहे आणि बोटांच्या फटींतून रक्ताची लाली उजळली आहे. उजेड कातडीच्या आत शिरून बाहेर कसा येतो, याचे व्यवहारात वापरता येईल असे गणित संगणकास मिळाले ते २००१ साली, हेन्रिक वान यानसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. पण मी हे चित्र भाच्याला दाखवले ते निराळ्या कारणासाठी. त्यातील तीन चतुर्थांश कागद जवळजवळ काळोखा आहे. कोणीही त्यास उजळ करा असे म्हटले नाही.

आता एक अप्रिय गोष्ट. पडद्यावरचे देऊळ पाहून झाल्यावर, दगडफेक थांबल्यावर, संध्याकाळी आम्ही दोघे खऱ्या देवळात गेलो. जीर्णोद्धारात गाभाऱ्याला पांढऱ्या टाइल्स बसल्या आहेत आणि छताला चारही बाजूंनी एलईडीच्या पट्ट्या. मूर्तीच्या डोळ्यांतही पट्टीचे प्रतिबिंब. समई आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. विश्वस्तांचा हेतू वाईट नाही. भक्त मोबाइलवर छायाचित्र घेतात, ते स्पष्ट यावे, वृद्धांना पायरी दिसावी, एवढाच त्यांचा विचार. आणि पायरीचा मुद्दा तर बिनतोड आहे. पायरीवर दिवा हवाच. तो देवाच्या तोंडावर का हवा, हे मी बैठकीत विचारले होते. तेव्हा माझे मत एकटे पडले. भाचा बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिला. त्याने आपल्या लहानपणच्या आठवणीवरून देऊळ घडवले होते. चुना, काजळी, कोनाडा, सारे. ते आता फक्त त्याच्या संगणकात उरले आहे, हे त्याला त्या दिवशी कळले.

रात्री जेवणानंतर त्याने पुन्हा काम काढले. स्वयंचलित सोय त्याने पुरती बंद केली नाही. तिची गती मात्र इतकी कमी केली की उंबरा ओलांडल्यावर सुमारे चाळीस सेकंद केवळ समई दिसे. खेळणाऱ्याला पडदा बिघडल्याचा भास होऊ नये म्हणून त्याने एक युक्ती केली: दाराच्या उंबऱ्यावर बाहेरच्या उन्हाची एक अरुंद पट्टी राहू दिली. डोळ्यांना धरायला काही मिळाले की अंधार सोसतो. मी घड्याळ लावून बसलो. पंधरा सेकंदांनी पितळ उजळले, तिसाव्याला शेंदूर, आणि मग चुन्यावर उतरलेली त्याची लाली. डोळे उमटले तेव्हा मी मोजणे विसरलो होतो.

चाळीस सेकंद खेळणाऱ्यासाठी फार आहेत असे त्याचे अजूनही मत आहे. नमुना त्याने तसाच पाठवला आहे. उत्तर आलेले नाही. पुण्यास निघताना त्याने मला एक काम सांगितले. येत्या चैत्री पौर्णिमेस पहाटे देवळात जाऊन, पट्ट्या लावण्याआधी, पहिला किरण उंबऱ्याच्या आत किती बोटे येतो ते मोजून कळवायचे. पुजाऱ्यांशी बोलणे झाले आहे. ते म्हणाले, "वकीलसाहेब, बटण तुमच्याच हाती देतो."